वीस वर्षांचं ऑनसाइट

ऑनसाइटहून परत आलेल्या माणसाची एक पंचाईत असते. तिकडे त्याने टीम सांभाळलेली असते, क्लायंटच्या शिव्या थेट खाल्लेल्या असतात, मध्यरात्री सर्व्हर उभे केलेले असतात. इकडे आल्यावर मात्र पहिल्याच मीटिंगमध्ये त्याला ऐकवलं जातं, "बॉस, ते तिकडचं झालं. इथे गोष्टी वेगळ्या चालतात." झालं! तीन वर्षांचा हिशोब शून्यावर. याच्या उलटी केस म्हणजे मोठ्या नावाची कंपनी सोडून कुणीतरी कधी न ऐकलेल्या कंपनीत जातो. त्याच्या सेंड-ऑफचा केक संपायच्या आत कँटीनमध्ये निकाल लागलेला असतो, "गेला कामातून!"

ही दोन्ही वाक्यं एकाच आयुष्यात पचवलेला एक माणूस आहे. माइक डॅन्टोनी. बास्केटबॉलवाला. एनबीए बघणाऱ्या मंडळींना हे नाव कोच म्हणून माहीत असेल. पांढरी मिशी, हातात गुंडाळलेला कागद आणि चेहऱ्यावर कायम 'अरे, पळा ना!' असा भाव. पण त्याची खरी स्टोरी सुरू होते ती कोच होण्याच्या खूप आधी. तेव्हा तो एक साधा, बाकावर बसणारा, या संघातून त्या संघात बिऱ्हाड हलवणारा खेळाडू होता.

बाकावरचा माणूस

डॅन्टोनीचा जन्म 1951चा. गाव मलेन्स, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं. कोळशाच्या खाणींचा मुलूख. आजोबा इटलीतून आलेले. वडील शाळेच्या संघाचे कोच, मोठा भाऊ डॅन पुढे कोच. म्हणजे घरात जेवताना सुद्धा डावपेचच! मार्शल युनिव्हर्सिटीकडून तो चांगला खेळला आणि 1973 साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, एकंदर विसाव्या क्रमांकावर, कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्ज या संघाने त्याला उचललं.

ड्राफ्ट म्हणजे एनबीएचं कॅम्पस प्लेसमेंटच समजा. फक्त इथे कंपनी तुम्हाला निवडते, तुम्ही कंपनी निवडू शकत नाही. आणि डॅन्टोनीला मिळालेल्या कंपनीत त्याच्या पोस्टवर आधीच कोण बसलं होतं? नेट 'टायनी' आर्चिबाल्ड. आदल्याच सीझनमध्ये या गड्याने सगळ्यात जास्त गुण आणि सगळ्यात जास्त असिस्ट, दोन्हीत अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर काढला होता. अशा माणसाच्या मागे उभं राहून तुम्ही किती चमकणार?

दोन-अडीच सीझन तिथे गेले. मग तो दुसऱ्या लीगमध्ये, म्हणजे एबीएमध्ये, 'स्पिरिट्स ऑफ सेंट लुइस'कडे गेला. तर 1976 साली ती लीगच बंद पडली. तिचे चार संघ एनबीएने सामावून घेतले आणि सेंट लुइसला डच्चू मिळाला. त्या संघाच्या मालकांनी मात्र जाता जाता उरलेल्या चार संघांच्या टीव्हीच्या उत्पन्नातला हिस्सा कायमचा लिहून घेतला आणि पुढची कित्येक दशकं एकही सामना न खेळता पैसे मोजले! मर्जरमध्ये मालकाचं पॅकेज आणि कर्मचाऱ्याचं पॅकेज यात फरक असतो तो असा. डॅन्टोनीला सान अँटोनियो स्पर्सकडे जागा मिळाली. किती दिवस? दोन सामने. बस्स.

हिशोब काय, तर तीन संघ, दोन लीग आणि सामन्यामागे तीन-साडेतीन गुण. वय 26.

मिशीवाला मिलानकर

1977 साली इटलीतल्या ओलिंपिया मिलानो क्लबची ऑफर आली. आज युरोपात खेळणं ही मानाची गोष्ट आहे. एनबीएमधले कितीतरी सुपरस्टार तिकडूनच येतात. त्या काळी मात्र अमेरिकन खेळाडूने युरोपला जाणं म्हणजे दुधाची तहान ताकावर. टीव्हीवर सामने दिसणार नाहीत, पेपरात नाव येणार नाही. 'गेला कामातून' कॅटेगरी!

डॅन्टोनी गेला. आणि तिथे त्याला अमेरिकेत कधीच न मिळालेली एक गोष्ट मिळाली. चेंडू.

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड नावाची पोस्ट असते. चेंडू घेऊन वर यायचं, कोण कुठे पळतोय ते बघायचं आणि पुढे काय घडणार ते ठरवायचं. प्रोजेक्ट मॅनेजरच म्हणा, फक्त एक्सेल शीट भरायला वेळ नसतो. अमेरिकेत हे काम त्याच्या वाट्याला मिनिटा-मिनिटाने येत होतं. मिलानोने ते त्याच्याकडे सोपवूनच टाकलं. प्रतिस्पर्ध्याच्या हातातला चेंडू बेमालूम उडवायची त्याची सवय बघून तिथल्या लोकांनी त्याला 'आर्सेनिओ लुपिन' हे कथेतल्या सुप्रसिद्ध चोराचं नाव दिलं. दुसरं टोपणनाव 'बाफ्फो', म्हणजे मिशी.

इटलीत संघाच्या नावाला स्पॉन्सरचं नाव लागायचं. त्यामुळे मिलानो संघ कधी 'बिली', कधी 'सिमॅक', कधी 'ट्रेसर', कधी 'फिलिप्स'. म्हणजे अमेरिकेत जर्सी बदलायला संघ बदलावा लागत होता, इथे गडी एकाच जागी आणि जर्सीवरचं नावच बदलतंय! तब्बल 13 वर्षं तो तिथे खेळला. पाच वेळा इटलीचं विजेतेपद. 1987 आणि 1988 असं लागोपाठ दोनदा युरोपियन चॅम्पियन्स कप.

त्यातला 1987चा कप तर हातातून गेल्यातच जमा होता. आदल्या शरद ऋतूत ग्रीसच्या आरिस संघाशी दोन सामन्यांची फेरी होती आणि दोन्ही सामन्यांचे गुण एकत्र धरायचे होते. पहिल्या सामन्यात ग्रीसमध्ये मिलानोचा धुव्वा उडाला, 98-67. एकतीस गुणांनी! कोणत्याही ऑफिसात अशा वेळी 'लेसन्स लर्न्ट'ची मेल फिरते आणि विषय बंद होतो. परतीचा सामना मिलानोने घेतला 83-49. म्हणजे 34 गुणांनी. फेरी जिंकली आणि पुढे कपही जिंकला. अंतिम सामन्यात मकाबी तेल अवीववर फक्त दोन गुणांनी मात. या संघात इटलीचा महाकाय दिनो मेनेगिन होता, एकेकाळी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला बॉब मॅकअडू होता, आणि या सगळ्यांना वेळेवर चेंडू पुरवणारा आमचा मिशीवाला.

त्याच काळात इटलीत एक अमेरिकन पोरगा वाढत होता. त्याचे वडीलही तिकडच्या क्लबांतून खेळायचे. त्या पोराने पुढे एनबीएमध्ये पहिली दहा वर्षं 8 नंबरची जर्सी घातली. डॅन्टोनीचा मिलानोतला नंबर आठच, आणि पोराच्या नंबरामागचं एक कारण तेच असल्याचं सांगितलं जातं. पोराचं नाव कोबी ब्रायंट. अमेरिकेत कुणी विचारत नसलेला खेळाडू कुणाच्या तरी खोलीच्या भिंतीवरचा हिरो असू शकतो, हे लक्षात ठेवा.

तिकडे काय शिकला?

1990 साली खेळ थांबवला आणि त्याच मिलानोचा तो कोच झाला. तीन वर्षांत कोराच कप. मग ट्रेव्हिसोचा बेनेटन संघ. होय, तीच ती मॉलमधली स्वेटरवाली बेनेटन. तिथे 1995 मध्ये युरोपियन कप, 1997 मध्ये इटलीचं विजेतेपद.

आता थोडी टेक्निकल गंमत. कंटाळू नका, पुढचं सगळं यावर आहे.

त्या वेळच्या एनबीएमध्ये झोन डिफेन्सला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखत बचाव करायला, बंदी होती. बचाव करणाऱ्याने आपापल्या माणसालाच चिकटायचं. त्यामुळे सोपा उपाय म्हणजे आपला सगळ्यात भारी खेळाडू एका बाजूला उभा करा, चेंडू त्याला द्या, बाकीचे चौघे बाजूला होऊन बघा. किंवा सात फुटी धिप्पाड गडी बास्केटखाली उभा करा आणि त्याला धक्काबुक्की करू द्या. खेळ संथ झाला, गुण आटले.

युरोपात झोनला मुभा होती. एकट्या सुपरस्टारच्या जिवावर कोंडी फुटत नसे. मग चेंडू फिरवावा लागे, उंच खेळाडूंनाही लांबून बास्केट करता यावी लागे, आणि दोघांनी मिळून वाट मोकळी करायची 'पिक अँड रोल'ची खेळी घोटून घोटून पक्की करावी लागे. लांबून केलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण देणारी रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 साली आली, म्हणजे डॅन्टोनी खेळत असतानाच. पाचही जण धोकादायक असले की बचाव ताणला जातो आणि मधे मैदान मोकळं होतं, हे त्याने पुस्तकात वाचलं नाही. रोजच्या भाकरीसारखं खाल्लं.

"इथे गोष्टी वेगळ्या चालतात"

1997 साली, बरोबर वीस वर्षांनी, तो अमेरिकेत परतला. डेन्व्हर नगेट्समध्ये आधी ऑफिसातलं काम, मग 1998-99 मध्ये मुख्य कोचपद. मालक आणि खेळाडूंच्या भांडणामुळे तो सीझन 50 सामन्यांवर आला होता. संघ कच्चा, तयारीला वेळ नाही. निकाल 14 विजय, 36 पराभव. नारळ!

इटलीतल्या ट्रॉफ्या? ते तिकडचं झालं, बॉस.

पुढे थोडं स्काउटिंग केलं, पोर्टलंडला असिस्टंट म्हणून एक सीझन काढला. 2001 साली, वयाच्या पन्नाशीला, तो सरळ ट्रेव्हिसोला परत गेला. त्या वयात माणूस सहसा 'आता स्थिर व्हावं' म्हणतो. हा जुन्या क्लबात परत. पण घरी रुसून बसण्यापेक्षा जिथे आपलं काम चालतं तिथे जाऊन ते पुन्हा करून दाखवणं त्याने पसंत केलं. 2002 साली ट्रेव्हिसो इटलीचा विजेता आणि युरोलीगच्या शेवटच्या चार संघांत.

मग फिनिक्स सन्सने बोलावलं. कोण म्हणून? असिस्टंट! विजेत्या संघाचं मुख्य कोचपद सोडून दुसऱ्याच्या हाताखाली. तुमच्या-माझ्यासारख्याने व्हिजिटिंग कार्डावरचं पद बघूनच नाही म्हटलं असतं. तो गेला. डिसेंबर 2003 मध्ये मुख्य कोचला काढलं आणि खुर्ची याच्याकडे आली. उरलेल्या सीझनमध्ये 21 विजय, 40 पराभव. कँटीनवाले पुन्हा निकाल लावून बसले असणार.

सात सेकंद

2004च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या. एक, स्टीव्ह नॅश नावाचा कॅनडाचा पॉइंट गार्ड डॅलस सोडून फिनिक्सला आला. दोन, चेंडू घेऊन धावणाऱ्याला हाताने रोखण्यावर एनबीएने कडक पावलं उचलली. झोनवरची बंदी तर 2001 मध्येच उठली होती. थोडक्यात काय, एनबीएचे नियम हळूहळू त्या खेळाकडे सरकत होते जो डॅन्टोनी वीस वर्षं परदेशात जगला होता.

एनबीएमध्ये चेंडू हातात आल्यापासून 24 सेकंदांत शॉट मारावा लागतो. डॅन्टोनीचं म्हणणं, चोवीस कशाला हवेत? समोरचा बचाव जागेवर येण्याआधीच मारा! सात सेकंदांच्या आत. सेंटरच्या जागी सात फुटी पहाडाऐवजी चपळ अमारे स्टाउडमायर, त्याच्या शेजारी त्याहून बुटका शॉन मॅरियन, कोपऱ्यांत लांबून नेम धरणारे आणि मधून सुसाट नॅश. फिनिक्सने 82 पैकी 62 सामने जिंकले. आदल्या सीझनला 29 होते! सामन्यामागे 110च्या वर गुण, लीगमध्ये सर्वाधिक. डॅन्टोनी 'कोच ऑफ द इयर'. नॅश 2005 आणि 2006, दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

आणि अमेरिकेला आता त्याचा परदेशी अनुभव एकदम आठवला. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ब्राँझवर समाधान मानावं लागलं होतं. जगाशी खेळायचं तर जग कसं खेळतं ते माहीत असलेला माणूस हवा. डॅन्टोनी राष्ट्रीय संघाचा असिस्टंट कोच झाला. 2008 बीजिंग, सुवर्ण. 2012 लंडन, सुवर्ण.

पण अंगठी?

एनबीएचं विजेतेपद मिळालं की अंगठी मिळते. तिकडे करिअरचा हिशोब त्या अंगठीवर होतो. आपल्याकडे सीटीसीवर होतो तसा. डॅन्टोनीकडे एनबीएचे साडेसहाशेहून जास्त विजय आहेत. अंगठी नाही.

2007 मध्ये सान अँटोनियोविरुद्ध नॅशला ढकललं गेलं. ते बघून फिनिक्सचे दोन खेळाडू बाकावरून उठून मैदानात आले, आणि नियमाप्रमाणे दोघांना पुढच्या सामन्याची बंदी. तिथे मालिका फिरली. पुढे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये त्याचं फारसं जमलं नाही. लॉस एंजेलिसला त्याच कोबीचा तो कोच होता आणि नेमकी त्याच काळात कोबीची टाच गेली. मग ह्यूस्टन. 2017-18 मध्ये 65 विजय, त्या क्लबचा विक्रम. एका सीझनमध्ये दोन गुणांच्या शॉट्सपेक्षा तीन गुणांचे शॉट्स जास्त मारणारा लीगच्या इतिहासातला तो पहिला संघ. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध 3-2 अशी आघाडी आणि ऐन वेळी ख्रिस पॉल जखमी. सातव्या सामन्यात तीन गुणांचे लागोपाठ 27 शॉट हुकले. सत्तावीस! ज्या हत्याराने इथवर आणलं, तेच त्या रात्री बोथट झालं.

त्याच्यावर टीका होते ती सगळीच खोटी नाही. बचावाकडे त्याचं लक्ष कमी, सात-आठ खेळाडूंनाच दमेपर्यंत दामटणं, आणि स्टारला आपली सिस्टीम पसंत नसेल तर तोडगा न काढता येणं. माणूस हट्टी आहे. पण वीस वर्षं परक्या देशात टिकला तोही याच हट्टावर.

आता त्या सातव्या सामन्यात समोरच्या बाकावर कोण होतं, ते बघा. स्टीव्ह कर. हाच कर पूर्वी फिनिक्सचा जनरल मॅनेजर होता आणि त्याच्याशी सूर न जुळल्यामुळे 2008 मध्ये डॅन्टोनीने फिनिक्स सोडलं होतं. करच्या वॉरियर्सनी 2015 मध्ये पहिलं विजेतेपद मिळवलं ते कसं? बुटका सेंटर, वेगवान खेळ, लांबून तीन-तीन गुण. शेजारी असिस्टंट म्हणून आल्विन जेन्ट्री, डॅन्टोनीचा फिनिक्समधला जुना सहकारी. रेसिपी त्याची, जेवणावळ दुसऱ्यांची. कर स्वतः हे ऋण मोकळेपणाने मानतो, हे त्याच्याबद्दल चांगलं.

आणखी एक नाव. केनी अ‍ॅटकिन्सन. त्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. युरोपातल्या एकामागून एक क्लबांत तो खेळला, पॅरिसमध्ये असिस्टंट कोच झाला. असा बायोडेटा न्यूयॉर्कमध्ये कोणाच्या हाताखाली कामाला लागला असेल? डॅन्टोनीच्या. 2024-25 मध्ये अ‍ॅटकिन्सनच्या क्लीव्हलंडने 64 सामने जिंकले आणि तो 'कोच ऑफ द इयर' ठरला. त्या वेळी कुणी 'ते तिकडचं झालं' म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मग घ्यायचं काय?

मोठ्या कंपनीच्या बाकावर बसून दिवस काढायचे, की छोट्या कंपनीत चेंडू हातात घ्यायचा? याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. घराचे हप्ते असतात, आई-बाबा असतात, नावाला किंमत असतेच. पण इंटरव्ह्यूला जाताना 'कंपनी किती मोठी?' याच्या जोडीला 'चेंडू कुणाच्या हातात असणार?' हाही प्रश्न विचारून बघा. डॅन्टोनीला पहिल्या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत मिळालं होतं, दुसऱ्याचं मिलानोत.

आणि परत आल्यावर कुणी 'ते तिकडचं' म्हटलंच, तर वाद घालू नका. डेन्व्हर प्रत्येकाच्या वाट्याला येतं. फक्त तिकडे शिकलेलं विसरू नका, नियम बदलायला वेळ लागतो.

2020 साली ब्रुकलिन नेट्सने नवा मुख्य कोच नेमला, स्टीव्ह नॅश. कोचिंगचा अनुभव शून्य. त्याच्या हाताखाली असिस्टंट म्हणून कोण रुजू झालं? 69 वर्षांचा माइक डॅन्टोनी. आपल्याच जुन्या खेळाडूचा ज्युनियर! आपल्याकडे नुसता रिपोर्टिंग मॅनेजर वयाने लहान निघाला तरी महिनाभर घशाखाली घास उतरत नाही.

जाता जाता : डॅन्टोनीला 1973 साली उचलणारा तो किंग्ज संघ फिरत फिरत 1985 मध्ये सॅक्रामेंटोला गेला. एनबीएच्या संघांचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर उभा राहिलेला संघ तोच. मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. खेळाडूच कशाला, संघसुद्धा बिऱ्हाड पाठीवर घेऊनच फिरतात!